दारावरची ओळ

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही. उघडे ठेवूनच कल्पना करा.

एक लहानशी खोली आहे. खिडकीला टेकून टेबल, टेबलावर कागदांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर थंड झालेल्या चहाचे कप. आता खोलीचं दार लावून घ्या आणि मागे वळून बघा. दार आतल्या बाजूनं काळं रंगवलंय, शाळेतल्या फळ्यासारखं. त्यावर खडूनं एकच वाक्य लिहिलंय. खाली फरशीवर खडूची पांढरी भुकटी पडलीय, म्हणजे हे वाक्य बऱ्याच वेळा पुसून पुन्हा लिहिलेलं आहे.

ही खोली भिंगरीच्या आईची. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका जागी बसली तर शपथ, म्हणून ते नाव पडलं. आई चित्रपट काढणाऱ्या एका कंपनीसाठी काम करायची. काम काय, तर अख्ख्या चित्रपटाची गोष्ट एका वाक्यात सांगायची. त्या धंद्यातले लोक त्याला लॉगलाइन म्हणतात. आई नुसतं ‘ओळ’ म्हणायची.

तुम्हाला वाटेल, एक वाक्य लिहिणं म्हणजे काय मोठं काम! करून बघा मग. शितावरून भाताची परीक्षा करतात ना, तसं आहे ते. एकाच शितात सगळा भात कळायला हवा. गोष्ट कुणाची, त्या माणसाला काय हवंय, आड काय येतंय आणि हरलं तर काय गमावणार, हे सगळं त्यात आलं पाहिजे. आणि नाव कुणाचंच घालायचं नाही. नावावरून ऐकणाऱ्याला काही कळत नसतं. नावाऐवजी माणसाचा धंदा सांगायचा आणि त्याला साजेसा एक शब्द जोडायचा. उदाहरणार्थ, ‘पाण्याला भिणाऱ्या नावाड्याच्या मुलीला, बाप आजारी पडल्यावर, पुरात अडकलेल्या शाळेपर्यंत एकटीनं नाव न्यावी लागते.’ बघा, नाव कुणाचंच नाही, तरी ती मुलगी दिसली की नाही तुम्हाला?

ओळ जमली की नाही हे ठरवायची या घराची एक रीत होती. आई ओळ एकदाच वाचून दाखवायची. मग भिंगरी जेवणाची भांडी पुसायला घ्यायची आणि त्या वेळात ओळीबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. शेवटचं ताट मांडणीवर गेलं की भिंगरीनं ओळ म्हणायची. जो शब्द ती विसरली, तो आई जाऊन पुसून टाकायची.

“तू विसरलीस म्हणजे तो शब्द नकोच होता,” आई म्हणायची. “चांगली ओळ कशी असते? ऐकणाऱ्याला दुसऱ्या कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. अख्खी पटकथा कुणी खिशात घालून फिरत नाही, पण ओळ तोंडात घेऊन माणूस गावभर हिंडतो.”

हे वाक्य ती मोठ्या अभिमानानं सांगायची. त्यातलं दुसरं टोक तेव्हा तिला दिसलं नव्हतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे मावशी, आईची धाकटी बहीण. ती एका वृद्धाश्रमात सेविका होती. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, भरवायचं, अंथरुणं बदलायची. स्वभावानं भित्री. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायची आणि भिंगरीला हाक मारायची. घरी आली की आश्रमातल्या गमती सांगायची. पण काही दिवसांपासून ती गप्प होती. भाकरीचा तुकडा हातातच राहायचा.

“पाणी कुठंतरी मुरतंय,” आई एकदा म्हणाली. “बोल ना गं. घरात कोण आहे परकं?”

मावशीनं आधी उठून खिडकी लावली.

“ताई, आमच्याकडं ज्यांना भेटायला माणसं येतात ना, ते दिवसभर जागे असतात. बडबडतात, भांडतात, चहा थंड आहे म्हणून ओरडतात. आणि ज्यांना भेटायला कुणीच येत नाही, ते झोपतात. सकाळी झोपतात, दुपारी झोपतात. मोठ्या खोलीच्या टोकाला पडदा आहे, त्याच्यामागं त्यांच्या खाटा सरकवल्यात.”

“म्हातारी माणसं झोपतातच की.”

“आमच्या त्या शिंपीणबाई, त्या काही झोपणाऱ्यातल्या नव्हत्या. माझ्या एप्रनची शिवण उसवली तर मला उभं करून, अंगावरच टाके घालून दिले त्यांनी. तोंड असं चालायचं की सुई परवडली! आता हाक मारली तर पापणी हलत नाही.” मावशी खुर्चीवर बसली. “दुपारच्या जेवणानंतर एक पांढरी गोळी द्यायला लावतात. शांततेची गोळी म्हणतात. पडद्यामागचे सुतारआजोबा मागच्या महिन्यात असेच झोपले, ते उठलेच नाहीत. वय झालं होतं, असं लिहिलं.”

“कोण देतं?”

“व्यवस्थापक ठरवतात. वरून इतका गोड माणूस! शीळ घालत फिरतो. आणि शीळ ऐकू आली की जी माणसं जागी असतात ना ताई, तीही डोळे मिटून घेतात.”

भिंगरी ऐकत होती. तिनं पाय खुर्चीवर वर घेतले.

“मी शिंपीणबाईंना गोळी देत नाही,” मावशी अगदी हळू म्हणाली. “बेसिनमध्ये सोडते आणि नळ उघडते. चार दिवसांत त्या बोलायला लागल्यात. पण व्यवस्थापक आले की झोपेचं सोंग घ्या म्हणून सांगून ठेवलंय. सोमवारी तपासणी अधिकारी येणारेत. शिंपीणबाई स्वतःच्या तोंडानं त्यांना सगळं सांगणार आहेत. तोवर माझी नोकरी टिकली पाहिजे. मी गेले की दुपारची गोळी दुसरं कुणीतरी देईल. आणि आता शिंपीणबाईंच्या अंगात ती सोसायची ताकद नाही.”

“आम्ही नाही कुणाला सांगत,” आई म्हणाली.

“भिंतीलासुद्धा नको गं, ताई.”

“भिंतीलासुद्धा नाही.”

आणि भिंतीला खरंच कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते दाराला.

दुसऱ्या दिवशी आईला कंपनीत एक ओळ द्यायची होती. सकाळपासून ती दारासमोर उभी होती. दारावर लिहिलं होतं, ‘एका वसतिगृहात एक चांगली शिक्षिका वाईट मुख्याध्यापकाशी लढते आणि अनेक अडचणींना तोंड देते.’

भिंगरीनं भांडी पुसली. शेवटचं ताट ठेवलं आणि डोकं खाजवलं. “वसतिगृह... एक शिक्षिका... आई, मला काहीच आठवत नाहीये.”

“काहीच नाही?”

“आठवायला आहे काय त्यात? चांगली म्हणजे कशी चांगली? वाईट म्हणजे काय करतो? आणि अडचणी म्हणजे कुठल्या? गणितातल्या का?”

आईला हसू आलं. “बाईसाहेब, परीक्षक झालात तुम्ही. बरं, सांग. शिक्षिका कशी असावी?”

“भित्री,” भिंगरी लगेच म्हणाली. “चांगल्या माणसाचं काय, तो लढणारच. भित्र्या माणसाला लढावं लागलं तर मजा.”

आईनं ‘चांगली’ पुसलं. खडू थांबला. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. दोघींच्या मनात एकच माणूस होतं.

“आणि वाईट माणूस?” आईनं विचारलं. तिचा आवाज जरा बदलला होता.

“तो वाईट दिसता कामा नये. तो शीळ घालतो.”

मुलांनो, इथं जरा थांबू या. ओळ सुधारायची म्हणजे काय करायचं? मोघम शब्द काढायचा आणि नेमका घालायचा. ‘वाईट’ हा शब्द जगातल्या सगळ्या वाईट माणसांना बसतो. ‘शीळ घालणारा’ हा मात्र थोड्यांनाच बसतो. ओळ जितकी नेमकी, तितकी ती जिवंत होते. आणि जितकी नेमकी, तितकी ती एका खऱ्या माणसाच्या जवळ सरकते. भिंगरीला यातलं पहिलं येत होतं. दुसरं तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि जिनं शिकवायचं तीच त्या क्षणी विसरली होती.

आईचा खडू भराभर चालायला लागला. वसतिगृह गेलं, वृद्धाश्रम आला. शिक्षिका गेली, सेविका आली. सोबत शिंपीणही आली. मधेच आई थांबली आणि म्हणाली, “नको. हे मावशीचं आहे.” तिनं डस्टर उचललं. पण पुसण्याआधी एकदा मोठ्यानं वाचून बघितलं:

‘ज्यांना भेटायला कुणी येत नाही तीच म्हातारी माणसं जास्त झोपतात हे लक्षात आल्यावर, एका भित्र्या सेविकेला, शीळ घालत फिरणाऱ्या व्यवस्थापकाच्या नकळत, तपासणीच्या दिवसापर्यंत एका शिंपिणीला जागं ठेवावं लागतं.’

भिंगरीनं पुसलेली भांडी खाली काढून पुन्हा पुसली. शेवटचं ताट ठेवून तिनं ओळ म्हटली. एकही शब्द गळला नाही.

“नाव तर कुणाचंच नाही,” आई म्हणाली. ती भिंगरीला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. “आणि चित्रपट व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर तपासणी होऊन जाईल.”

डस्टर तिनं खाली ठेवलं. ओळ कंपनीत गेली.

कंपनीच्या निर्मात्या बाईंचा संध्याकाळीच फोन आला. इतकी घट्ट ओळ त्यांनी कित्येक महिन्यांत वाचली नव्हती म्हणे. आई खोलीभर फिरत बोलत होती, तिचे गाल लाल झाले होते. मावशी कामावरून आली तेव्हा आईनं खोलीचं दार भिंतीकडं ढकलून ठेवलं आणि जेवताना तिच्याकडं बघायचं टाळलं. भिंगरीलाही मावशीच्या डोळ्यांत बघवेना. चांगलं काम केल्यावर असं का वाटावं, हे तिला कळेना.

शनिवारी दुपारी पुन्हा फोन वाजला. या वेळी कंपनीतले जागावाले काका होते. चित्रपटाला लागणारी घरं, दवाखाने, शाळा शोधून परवानगी मिळवायची हे त्यांचं काम. त्यांचा आवाज एवढा मोठा की फोन आईच्या कानाला असला तरी भिंगरीला दारातून ऐकू यायचा.

“बाई, निम्मं काम फत्ते! अशी जागा सापडलीय, बघत राहाल! मोठी खोली, रांगेनं खाटा, टोकाला पडदासुद्धा आहे. आणि व्यवस्थापक म्हणजे काय सज्जन माणूस! चहा पाजला.”

“कुठला आश्रम?” आईनं विचारलं.

त्यांनी सांगितलं. आईनं हात पुढं करून टेबल धरलं.

“तुम्ही त्यांना काय सांगितलंत?”

“परवानगी मागायची तर गोष्ट सांगायलाच लागते ना! त्यांनी विचारलं, चित्रपट कशावर आहे? मी म्हटलं, एका वाक्यात ऐकवतो, आणि तुमची ओळ टाकली. एकदम गप्प झाले! म्हणाले, पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हटली. म्हणाले, फारच सुंदर, कुणी लिहिलंय? मी तुमचं नाव सांगितलं, पत्ता दिला. बाई? ऐकताय ना?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्याच्या नकळत सगळं करायचं, त्याच्याच घरी जाऊन काका गोष्ट ऐकवून आले होते. त्यात त्या बिचाऱ्यांचा दोष नव्हता. ओळ होतीच तशी, सांगितल्याशिवाय राहवेना अशी.

आईनं मावशीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मावशीनं उचलला नाही. आई चपला शोधू लागली. एक सापडली, दुसरी सापडेना. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीचा आनंद घेत येत असल्यासारखी. आणि त्यांच्यासोबत एक शीळ. गोड, अगदी सुरात.

बेल वाजली.

दारातला माणूस उंच होता. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले पांढुरके केस, हातात बिस्किटांचा डबा. “नमस्कार. तुमच्या कंपनीतले गृहस्थ आले होते. म्हटलं, एवढी सुंदर ओळ लिहिणाऱ्या बाईंना भेटून यावं.” मग खाली वाकून भिंगरीला म्हणाला, “आणि ही कोण? काका म्हण हं मला.”

आई काही बोलायच्या आत तो आत आलाही होता. त्यानं खोलीत डोकावून पाहिलं. दार भिंतीला टेकलेलं होतं. ते त्यानं दोन बोटांनी ओढलं आणि ओळ सगळ्यांच्या समोर आली.

त्यानं ती वाचली. घाई न करता, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

“छान आहे,” तो म्हणाला. “फक्त एक चूक राहिलीय. सुधारू का?”

“नको,” आई म्हणाली.

“अहो, मदत करतोय. आमच्या क्षेत्रातली माहिती तुम्हाला कुठून असणार?” त्यानं डस्टर उचललं. “असलीच, तर कुणीतरी सांगितली असणार. नाही का?”

भिंगरी आईला चिकटून उभी राहिली.

त्यानं ओळ पुसली. एका बाजूनं सुरुवात करून, एकेक शब्द. मग खडूची पूड शर्टवर पडू नये म्हणून जरा लांब उभं राहून, सुवाच्य अक्षरात त्यानं लिहिलं:

‘म्हाताऱ्यांची आयुष्यभर सेवा करणाऱ्या एका व्यवस्थापकाला, औषधाच्या गोळ्या गायब करणाऱ्या सेविकेला, एखाद्या दुबळ्या म्हातारीचा जीव जाण्याआधी, थांबवावं लागतं.’

“बघा,” तो हात झटकत म्हणाला. “माणसं तीच. फक्त सुरुवात कुणापासून करायची हा प्रश्न असतो. ज्याच्यापासून सुरुवात, त्याची गोष्ट. हो ना, बाई? तुमचा धंदा, तुम्हीच सांगा.”

आणि तो खरं बोलत होता. आई स्वतः भिंगरीला हेच शिकवत आली होती.

“गोळ्या मोजल्या मी आज. कमी भरतायत,” तो म्हणाला. “सोमवारी तपासणी आहे. अधिकारी कामातले असतात, लांबलचक ऐकायला त्यांना वेळ नसतो. एक वाक्य पुरतं.” बिस्किटांचा डबा त्यानं टेबलावर ठेवला. “खा हं बाळ.”

शीळ जिन्यावरून खाली गेली.

संध्याकाळी मावशी आली ती रिकाम्या हातांनी. एप्रन काढून घेतला होता, फाटकातून आत यायचं नाही असं सांगितलं होतं. ती दारासमोर उभी राहिली. त्याचं अक्षर तिनं ओळखलं. मग तिला सगळं सांगावं लागलं.

“तुला मी बहीण म्हणून सांगितलं होतं, ताई,” ती म्हणाली. “लेखिका म्हणून नाही.”

“शीळ मी घातली त्यात,” भिंगरी रडत म्हणाली. “आई पुसणार होती.”

“खडू माझ्या हातात होता,” आई म्हणाली. “तू गप्प बस.”

त्यांनी पोलिसांना फोन केला. पलीकडच्या माणसानं विचारलं, तुम्ही त्या शिंपीणबाईंच्या कोण? कुणीच नाही. तक्रार कुणाविरुद्ध? व्यवस्थापकांविरुद्ध? त्यांनी तर आजच गोळ्या चोरीची तक्रार दिलीय. तपासणी अधिकाऱ्यांचं कार्यालय शनिवार-रविवार बंद.

“आज दुपारी शिंपीणबाईंना गोळी दिली असेल त्यांनी,” मावशी म्हणाली. “आता रात्रीही देतील. आणि उद्या. सोमवारी अधिकारी आले की पडदा सरकवून दाखवतील, बघा, हिच्या औषधांत ढवळाढवळ झाली आणि हिचं हे असं झालं. सगळं माझ्या नावावर.” तिनं डोळे पुसले. “शिंपीणबाई सोमवार बघतात की नाही कुणास ठाऊक.”

त्या घरात कुणाला जेवण गेलं नाही. भांडी पुसायचीही गरज पडली नाही.

रविवारी दुपारी भेटीच्या वेळेला तिघीही आश्रमाच्या फाटकावर गेल्या. बाहेर गाड्या लागल्या होत्या. माणसं फुलं, फळं, नातवंडं घेऊन आत जात होती. फाटकावरच्या रखवालदारानं मावशीला पाहिलं आणि काठी आडवी धरली.

“तुम्हाला नाही सोडता येणार. आणि ह्या तुमच्या बहीण ना? ह्यांनाही नाही.”

“अहो, पाच मिनिटं.”

“माझी नोकरी घालवताय का, बाई?”

मावशी हात जोडत होती, आई आवाज चढवत होती, रखवालदार दोघींच्या मधे उभा होता. भिंगरीनं आईचा हात सोडला. शेजारून एक कुटुंब चाललं होतं, दोन मुलं आणि त्यांची आई. भिंगरी त्यांच्यातली तिसरी झाली आणि आत गेली.

मोठी खोली माणसांनी भरली होती. प्रत्येक खाटेभोवती खुर्च्या, हसणं, खोकला, सोललेल्या संत्र्यांचा वास. कुणीतरी एका आजोबांना जोरजोरात वर्तमानपत्र वाचून दाखवत होतं आणि आजोबा म्हणत होते, “ओरडू नकोस, मी बहिरा नाही.” भिंगरी या सगळ्यातून सरळ चालत गेली. टोकाला निळा पडदा होता. तो जराही हलत नव्हता. तिनं तो बाजूला केला.

मागे सगळं गप्प होतं. खाटांची एक रांग आणि प्रत्येक खाटेवर उताणं पडलेलं एक माणूस, तोंड अर्धवट उघडं. कल्पना करा, पलीकडं एवढी गडबड चाललीय आणि इथं कुणी कूससुद्धा बदलत नाही.

शिंपीणबाई कुठल्या, हे तिला बोटांवरून कळलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला सुईनं घट्टे पाडलेले होते. “शिंपीणआजी,” भिंगरीनं हाक मारली. “मी मावशीची भाची. आजी!” खांदा हलवला. हात हातात घेतला. तो थंड होता. छाती वर-खाली होत होती, पण दोन श्वासांत इतकं अंतर पडत होतं की प्रत्येक वेळी भिंगरीचा स्वतःचा श्वास अडकायचा.

“अरे, तू होय,” मागून आवाज आला.

व्यवस्थापक पडद्याशी उभा होता. आवाजात राग नव्हता. त्याच्या हातात ट्रे होता, ट्रेमध्ये पाण्याचा पेला आणि एका छोट्या वाटीत पांढऱ्या गोळ्या.

“आजी दमल्यात. त्यांना झोपू दे,” तो म्हणाला. मग ट्रे त्यानं अगदी तिच्या हाताशी ठेवला, वाटी तिच्याकडं सरकवली आणि पाठ फिरवून पडदा ओढू लागला.

भिंगरीचा हात गोळ्यांकडं निघालाही होता. या मुठीत घ्यायच्या आणि पळायचं, अधिकाऱ्यांना नेऊन दाखवायच्या! पण हात मधेच थांबला. ही वाटी एवढी जवळ का ठेवली? आणि हा माणूस एवढा वेळ पाठ करून का उभा आहे? गोळ्या तिच्या मुठीत सापडल्या की त्यानं दारावर लिहिलेली ओळ खरी ठरली असती. चोर सेविका, आणि आता तिची भाचीही.

तिनं हात मागे घेतला आणि पाठीमागे घट्ट बांधला.

आपल्याकडं काय आहे याचा ती विचार करू लागली. एक ओळ होती. पण तिच्यात भित्री सेविका पहिली होती, आणि सेविकेचं नाव काढलं की हा माणूस हसून गोळ्यांची गोष्ट सांगणार. मग सुरुवात कुणापासून करायची? ज्याच्याकडं गमावण्यासारखं सगळ्यात जास्त आहे, त्याच्यापासून. तिनं मनातल्या मनात मावशीला पुसून टाकलं. शीळ पुसली. स्वतः घातलेले सगळे छान छान शब्द पुसले. उरली ती समोरची खाट.

“चल बाळ, तुला फाटकापर्यंत सोडतो,” व्यवस्थापक वळून म्हणाला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

भिंगरी त्या हाताखालून निसटली. तिनं निळा पडदा दोन्ही हातांनी धरला आणि सगळं वजन टाकून ओढला. वरच्या कड्या एकामागोमाग निखळल्या. खोलीतल्या माणसांनी माना वळवल्या. वर्तमानपत्र वाचणं थांबलं. भिंगरी जवळच्या खुर्चीवर चढली आणि बोलली. आवाज चिरकत होता, तरी शब्द स्पष्ट होते:

“या आजींना भेटायला कुणी येत नाही म्हणून यांना झोपवून ठेवतात, आणि आज मी आलेय तर या उठत नाहीयेत!”

“लहान मुलगी आहे, घाबरलीय,” व्यवस्थापक सगळ्यांकडं बघून हसत म्हणाला. “हिच्या मावशीला काल आम्ही कामावरून काढलं, म्हणून. त्याचं असं झालं...”

तो आपली ओळ म्हणायला लागला होता. शांत, गोड आवाजात. दोन-तीन माणसांनी मानाही डोलावल्या.

भिंगरीनं त्याचं पुरं होऊ दिलं नाही, आणि उलट उत्तरही दिलं नाही. ती खुर्चीवरून उतरली. सगळ्यात जवळ एक दांडगा माणूस बसला होता, अंगात बसचालकाचा गणवेश, हातात अर्धवट सोललेलं संत्रं. तिनं त्याचा हात मनगटापाशी धरला आणि त्याला उठवून, ओढत ओढत शिंपीणबाईंच्या खाटेपाशी नेलं. “तुम्हीच हाक मारून बघा,” ती म्हणाली, आणि दोनदा हाक मारूनही पापणी हलली नाही तेव्हा त्यानं संत्रं खाली ठेवलं आणि रुग्णवाहिकेसाठी फोन लावला.